एका खिळ्यावर दोन कॅलेंडरं

शहापूरच्या आमच्या दुकानात एकाच खिळ्यावर
दोन कॅलेंडरं असायची.
वरचं मराठी, आईच्या चतुर्थ्यांसाठी.
खालचं कन्नड, रविवारपेठेतल्या गुळाच्या अडत्यानं फुकट दिलेलं;
त्याचे चौकोन मोठे, म्हणून ते बापूंचं.

बापू कधी खेळले नाहीत.
डावा पाय बारीक, मशीन उजव्यानं चालवायचे.
पण बेळगावात जो कोणी ईर्ष्येनं धावला
त्याच्या छातीचं माप त्यांच्या वहीत होतं,
आणि तो कधी धावला, ते कॅलेंडरवर,
लाल-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकानं.

१२ जानेवारी. हलग्याची कबड्डी. गुडघ्याला डबल कापड.
३ मार्च. कंग्राळीची भारता. पोरगी वाढली, बाही सोडली.
भारता त्या दिवशी खो-खोत सात मिनिटं
कुणाच्या हाती लागली नव्हती.
गाव अजून सांगतं.
बापूंनी खाली एवढंच लिहिलेलं: शिवण उसवली नाही.

पंचवीस जून, त्र्याऐंशी.
सगळी गल्ली रेडिओला चिकटलेली, मध्यरात्र होत आली,
लंडनात शेवटची विकेट पडली तेव्हा
बापू कुणाच्यातरी लग्नाचा कोट शिवत होते.
त्या चौकोनात दोन शब्द:
सुई मोडली.

एक नोव्हेंबर मात्र दरवर्षी कोरा.
त्या तारखेला एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे,
दुसऱ्यावर काळ्या फिती,
आणि आमचं शटर गुडघ्यापर्यंत.
झेंड्यांची शिलाई बापूंची, फितींची कात्रीही बापूंचीच.
उधारी दोन्हीकडची अजून यायची आहे.

रस्ता रुंद झाला, दुकान गेलं.
गठ्ठा सोडताना शहाऐंशीचा फेब्रुवारी हाती आला.
सतरा तारखेला निळं नव्हे, लाल टोक,
कागद फाटेल इतकं दाबून:
गोल ९ चा नाही. ६ चा. माझी चूक.

विचारलं, “बापू, हे काय?”
म्हणाले, “आधी सुई ओवून दे.”

मग तुकड्या-तुकड्यानं कळलं.
शिल्डची फायनल, रात्री दोनपर्यंत मशीन,
घाईत एका पाठीवर सहाचा आकडा उलटा बसला.
मैदानात दोन नऊ.
संध्याकाळ, लाल धूळ, शेवटचं मिनिट,
अर्ध्या मैदानातून मारलेला चेंडू
आणि रेफ्रीनं चिठ्ठीवर लिहिलं: नऊ.
नऊ म्हणजे कॅम्पातला फर्डी.
पेपरात फर्डी. मिरवणुकीत फर्डी.
त्या कात्रणावर हुबळीला रेल्वेत लागला फर्डी.
सहा म्हणजे ईराप्पा मेटगुड, बैलहोंगलचा.
ओरडला असेल तो. पण कन्नडात,
आणि रेफ्री पुण्याचा.

तो कागद घेऊन मी बैलहोंगलला गेले.
स्टँडमागं उसाच्या रसाचा गाडा,
चरकाला घुंगरू बांधलेलं.
ईराप्पांनी हात पुसले, चष्मा शोधला.
मराठी ओळ त्यांना सावकाश लागत गेली,
महिन्याचं कन्नड नाव पटकन.
मग कागद उलटा धरला,
पुन्हा सुलटा,
पुन्हा उलटा,
आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत.
“इरली बिडरी,” म्हणाले.

गिऱ्हाईक आलं. त्यांनी एक ग्लास भरला,
बर्फ टाकला, सुटे पैसे मोजून दिले.
मला वाटलं, विषय संपला.

ते चरकाकडं बघत म्हणाले,
“तवा छाती अडतीस होती माझी.
आता बेचाळीस.
बापूस्नी सांग की गा.”